पानामागचं पान

भाचीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. "मावशी, माझं पान बिघडलं गं. इथे नीट दिसत होतं, वर चढवलं आणि सगळी अक्षरं गेली."

ते वेबपान ढगांवरचं होतं. मुलगी नववीतली, पण महिनाभर रोज ठरावीक वेळी तिने आभाळाचे फोटो काढले होते, कुठला ढग कुठल्या जातीचा हे ताडून पाहिलं होतं, आणि सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस अशा मथळ्यांखाली स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं. पान उभं केलं होतं व्हिज्युअल एडिटरमध्ये. बाजूच्या पट्टीतून चौकोन उचलायचा, हव्या त्या जागी सोडायचा, आत क्लिक करून लिहायला लागायचं. मैत्रिणीच्या भावाने सर्व्हरवर थोडी जागा दिली, म्हणून तिने एडिटरमधला मजकुराचा कोड तेवढा उचलला, कोऱ्या फाइलमध्ये चिकटवला आणि फाइल चढवली.

मी लिंक उघडली. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत 'ढग' असायला हवं होतं. त्या जागी सहा चिन्हं होती. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए, मग चारही कोपऱ्यांना टोकं फुटलेला एक गोल, मग सेंटची खूण. पुन्हा तोच ए, तोच गोल, आणि शेवटी एक लांब आडवी रेघ. खाली परिच्छेदच्या परिच्छेद अशाच चिन्हांनी भरलेले, मधूनमधून येनची खूण.

ते पाहून मला हायसं वाटलं. "काहीही गेलेलं नाहीये," मी तिला म्हटलं. "तुझं अक्षर न् अक्षर जागेवर आहे. ब्राउझर ते चुकीच्या पद्धतीने वाचतोय, एवढंच."

यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची आजची रूढ पद्धत. तीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर ३ बाइट्समध्ये, म्हणजे साठवणुकीच्या तीन घरांत, साठवलं जातं. फाइल कुठल्या पद्धतीने लिहिली आहे हे सांगितलं नाही, तर ब्राउझर बऱ्याचदा जुनी पाश्चात्त्य पद्धत गृहीत धरतो, आणि तिथे एक बाइट म्हणजे एक अक्षर. म्हणून 'ढग'ची दोन अक्षरं सहा होऊन बसतात. पहिला बाइट सगळ्या देवनागरी अक्षरांना सारखाच, तोच तो रेघवाला ए. दुसरा बाइट दोनांपैकी एक असतो. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात ऱ्हस्व वेलांटीपर्यंतची अक्षरं त्या टोकेरी गोलाच्या वाट्याला येतात आणि दीर्घ वेलांटीपासून पुढची येनच्या. तिसरा बाइट काय तो खरा वेगळा. एकदा हे कळलं की त्या चिन्हांच्या गर्दीत चक्क वाचता येऊ लागतं. येन दिसला की समजावं, इथे दीर्घ वेलांटी असेल, उकार असेल, मात्रा असेल, नाहीतर एखादं जोडाक्षर घडवणारा हलन्त.

इलाज एका ओळीचा. पानाच्या माथ्यावर, पहिल्या १०२४ बाइट्सच्या आत, 'मेटा चारसेट यूटीएफ-८' एवढं लिहायचं. एडिटरने ती ओळ आपणहून घातलेली होती, पण ती हेडमध्ये, म्हणजे पानाच्या न दिसणाऱ्या माथ्यात होती, आणि भाचीने उचलला होता फक्त बॉडीमधला, म्हणजे दिसणाऱ्या मजकुराचा तुकडा. घरच्या कॉम्प्युटरवरची फाइल उघडताना ब्राउझर पद्धतीचा अंदाज घेऊन सांभाळून घेतो, म्हणून तिथे सगळं आलबेल होतं.

"पण मला कसं कळणार होतं?" ती म्हणाली. "एडिटरमध्ये अशी ओळ कुठे दिसतच नाही."

खरं होतं तिचं. दिसत नाहीच. त्या रात्री बराच वेळ ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. हाताने कोड लिहावा की एडिटर वापरावा हा वाद मी इतकी वर्षं ऐकत आलेय, त्यात दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोललेय, आणि तिने तो एका वाक्यात नेमका पकडला होता.

मी स्वतः सुरुवात व्हिज्युअल एडिटरनेच केली. तो पहिला दिवस मला अजून लख्ख आठवतो. कोऱ्या पानावर मी माझं नाव टाइप केलं, ते मोठं केलं, मधोमध आणलं. मग दुसरं पान केलं आणि पहिल्या पानावरच्या एका शब्दाला त्याची लिंक दिली. शब्द निळा झाला, खाली रेघ आली. त्यावर क्लिक केलं आणि मी माझ्याच एका पानावरून माझ्याच दुसऱ्या पानावर जाऊन पोचले. पाच-सहा वेळा नुसती ये-जा केली. त्या दिवशी कुणी माझ्यापुढे टॅगची, म्हणजे कुठला मजकूर काय आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणांची, यादी ठेवली असती, तर मी दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकले असते असं वाटत नाही. त्या एडिटरचं ऋण मी मानते आणि आज त्याच्याविषयी लिहिताना ते विसरायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

काही आठवड्यांनी मी एक पान केलं ज्यात मजकुराचे दोन स्तंभ हवे होते. स्तंभ कसे करायचे ते माहीत नव्हतं, पण स्पेसबार माहीत होता. डावीकडे एक ओळ लिहायची, मग स्पेस दाबत दाबत पुढे सरकायचं, मग उजवीकडची ओळ. दोन तास खपून मी ते असं जुळवलं की एकाखाली एक अक्षर बरोबर बसलं. दुसऱ्या दिवशी ते पान एका मैत्रिणीच्या छोट्या स्क्रीनवर उघडलं आणि पाहते तर डावीकडचे शब्द उजवीकडे, उजवीकडचे पार खालच्या ओळीत, काही ओळी स्क्रीनबाहेर गेलेल्या. नीट एकही वाक्य वाचता येईना.

त्या दिवशी मी पहिल्यांदा 'कोड पाहा' वर क्लिक केलं. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्यात, शब्दांमध्ये कितीही स्पेस दिल्या तरी ब्राउझर त्यांची एकच करतो, हे मला ठाऊक नव्हतं. एडिटरला ठाऊक होतं. म्हणून मी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा स्पेस दाबली की तो माझ्यासाठी तिथे एक न तुटणारी स्पेस घालत होता. ती लिहायची पद्धत म्हणजे अँपरसँड, एनबीएसपी ही चार अक्षरं आणि अर्धविराम. एका ओळीत मी त्या मोजल्या, ४७ निघाल्या. आणि ही स्पेस न तुटणारी असल्यामुळे ब्राउझरला तिथे ओळ मोडायची परवानगी नसते, म्हणून शब्द स्क्रीनबाहेर पडत होते. एडिटरने माझं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे चित्र मागितलं, त्याने चित्र दिलं.

चित्राचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पडद्यावर जे दिसतं तेच हाती येतं, ज्याला तंत्राच्या भाषेत विझीविग म्हणतात, ती कल्पना मुळात कागदासाठी जन्मली. १९७४ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्राव्हो' नावाचा एडिटर केला. पडद्यावर ठळक दिसलेलं अक्षर प्रिंटरमधून ठळक येणार, जिथे ओळ संपलेली दिसते तिथेच ती कागदावर संपणार. हे वचन पाळता येण्यासारखं होतं, कारण कागदाची लांबी-रुंदी आधीच माहीत असते आणि छापलेला कागद सगळ्यांच्या हाती सारखाच पडतो.

वेबपानाचं तसं नाही. कुणी ते मनगटाएवढ्या पडद्यावर पाहील, कुणी भिंतीएवढ्या. कुणी अक्षरं दुप्पट मोठी करून वाचेल. कुणी बघणारच नाही, ऐकेल. इथान मार्कोटने २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' (पडद्याच्या रुंदीशी जुळवून घेणारं पान) हा शब्दप्रयोग रूढ केला, तोवर फोन हातात आले होते आणि ठरावीक रुंदीची पानं जागोजागी मोडत होती. पण पान लवचीक असणं ही काही तेव्हा नव्याने घातलेली सोय नव्हे. साधा एचटीएमएल मजकूर, त्यावर कसलीही सजावट केली नाही तर, पहिल्या दिवसापासून कुठल्याही रुंदीत आपोआप मावतो. त्याला ताठ करणारे आपणच. तक्ते घालून, पिक्सेल मोजून, एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून मधल्या जागा भरून आपण वर्षानुवर्षं त्याचा कागद करत राहिलो, आणि एडिटरांनी आम्हा शिकाऊ मंडळींना तीच वाट दाखवली. जे दिसतं तेच मिळतं, हे ऐकायला छान वाटतं. पण दिसतं कुणाला आणि मिळतं कुणाला?

ऐकणाऱ्यांचं मला जे कळलं ते एका वाचकाच्या पत्राने. माझा एक लांबलचक लेख होता, आठ-नऊ उपमथळ्यांचा. पत्र अगदी सौम्य होतं. त्यांनी लिहिलं होतं की ते पाहू शकत नाहीत, पान स्क्रीनरीडरवर ऐकतात, आणि एच ही कळ दाबली की स्क्रीनरीडर पुढच्या मथळ्यावर नेऊन सोडतो. पण माझ्या लेखात ती कळ दाबली तर 'मथळे नाहीत' असं उत्तर येतं, त्यामुळे हवा तो भाग शोधायला सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं. मी चक्रावले. मथळे तर ढळढळीत होते, मोठे, ठळक, रंगीत. कोड उघडला तेव्हा उमगलं की मी प्रत्येक वेळी साधी ओळ निवडून तिचा आकार वाढवला होता आणि ती ठळक केली होती. डोळ्यांना मथळा, पण पानाच्या लेखी तो आणखी एक परिच्छेद, फक्त जरा जाड. एच-२ हा उपमथळ्याचा टॅग एकदाही नव्हता.

मला त्या पत्राने लाज वाटली आणि खूप काही शिकवलंही. मथळा 'दिसणं' आणि मथळा 'असणं' यांत फरक आहे, आणि चित्र काढून देणाऱ्या साधनात तो फरक पुसला जातो. त्या लेखातले सगळे मथळे मी त्याच संध्याकाळी हाताने दुरुस्त केले. पहिल्याच ठिकाणी एका शब्दाभोवती सात स्पॅन (रंगरूपासाठी गुंडाळायचे टॅग) निघाले, एकात एक गुंतलेले. मी कधीतरी रंग दिला, मग काढला, मग आकार बदलला, मग फॉन्ट. एडिटरने प्रत्येक वेळी नवं आवरण चढवलं आणि जुनं तसंच ठेवलं. सात आवरणांच्या आत तीन अक्षरांचा शब्द. ती आवरणं एकेक करून काढताना जे समाधान मिळालं ते दुसऱ्या कशाला नाही.

आता वेबच्या जन्मकथेतली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझ्या मताच्या उलट जाते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत नेक्स्ट कॉम्प्युटरवर पहिला ब्राउझर लिहिला, त्याचं नावच 'वर्ल्डवाइडवेब'. तो ब्राउझर एडिटरही होता. वाचता वाचता त्याच खिडकीत लिहायला लागायचं, शब्द निवडून लिंक द्यायची, टॅग डोळ्यांना दिसायचे नाहीत. टॅगभोवतीचे हे कोनी कंस सामान्य माणसाने बघावेत अशी त्यांची इच्छाच नव्हती. लोक ते हाताने लिहायला लागले याचं त्यांना पुढे आश्चर्य वाटलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

मग हाताने लिहायची वेळ का आली? नेक्स्ट फार थोड्या लोकांकडे होता. बाकीच्या यंत्रांवर चालावा म्हणून निकोला पेलो या तरुणीने जो साधा, ओळीओळीचा ब्राउझर लिहिला त्यात वाचता यायचं, लिहिता यायचं नाही. १९९३ मध्ये आलेल्या मोझेइकने चित्रं मजकुराच्या मांडीला आणून बसवली आणि वेब घरोघरी जायची वाट मोकळी केली, पण लिहिण्याची सोय त्यातही नव्हती. वाचायचं साधन सगळ्यांकडे पोचलं, लिहायचं मागे राहिलं. ती फट लोकांनी साध्या टेक्स्ट एडिटरने भरून काढली. १९९१ च्या सुमाराच्या पहिल्या टॅगवर्णनात जेमतेम १८ टॅग होते. एका बैठकीत पाठ व्हावेत इतके. आणि दुसऱ्याच्या पानाचा सोर्स कुणालाही उघडून बघता यायचा. आवडलेलं पान उघडायचं, आत डोकावायचं, तुकडा उचलायचा, बदलून बघायचा. एक अख्खी पिढी अशी शिकली. तिचे शिक्षक कोण होते हे त्या शिक्षकांनाही कधी कळलं नाही.

एडिटर पुन्हा आले ते नव्वदच्या मध्यावर. व्हर्मीअर टेक्नॉलॉजीज या कंपनीचं फ्रंटपेज १९९६ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने घेतलं, १९९७ च्या डिसेंबरात मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर आलं. ड्रीमवीव्हरविषयी मला ममत्व आहे. तुम्ही हाताने लिहिलेल्या कोडला आम्ही हात लावणार नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पुढे त्यात पडदा दुभागून एका भागात कोड आणि दुसऱ्या भागात पान दाखवायची सोय आली. इकडे शब्द निवडला की तिकडे तोच तुकडा उजळतो. नवशिक्याला याहून चांगला गुरू मी पाहिलेला नाही. चित्र आणि त्यामागचा मजकूर शेजारी शेजारी, एकमेकांची खूण पटवत. असं साधन हाती असेल तर आधी एडिटर की आधी कोड हा प्रश्नच बराचसा विरघळतो.

मग टिम बर्नर्स-लींच्या इच्छेविरुद्ध जाऊन मी 'पहिलं पान हाताने लिहा' असं का सांगते? त्यांच्या एडिटरमध्ये तुम्ही मथळा निवडलात तर तो मथळाच व्हायचा. आकार, रंग, जाडी असल्या गोष्टींचा बाजार तिथे नव्हता. पानाची बांधणी आणि एडिटरची बटणं एकाच भाषेत बोलत होती. नंतरच्या साधनांत ती भाषा वेगळी झाली. बटणं कागदाची, पान वेबचं. ज्याला वेबची भाषा चार शब्दांपुरतीही येते तो या दोहोंमध्ये दुभाषाचं काम करू शकतो. ज्याला येत नाही तो बटणांच्या भरवशावर, आणि बिघडलं की बटणांकडेच पाहत बसतो. बिघाड तर बटणांत नसतो.

हाताने लिहिण्याचा कैवार घेणाऱ्यांनी शिकवताना केलेली चूक मीही केलीय. एका मैत्रिणीला शिकवायला बसले आणि सुरुवात केली डॉकटाइपपासून, म्हणजे पान कुठल्या प्रकारचं हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीपासून. मग हेड म्हणजे काय, बॉडी म्हणजे काय, ॲट्रिब्यूट कशाला म्हणतात. अर्ध्या तासात तिचे डोळे विझले. ती भिडस्त होती म्हणून 'उद्या बघू' म्हणाली. तो उद्या आला नाही. ती आजही पान करत नाही आणि त्यात माझा वाटा आहे, हे मला डाचतं.

आता मी वेगळी सुरुवात करते. नोटपॅडसारखा कुठलाही साधा टेक्स्ट एडिटर उघडायला लावते. "तुला जे सांगायचंय ते लिही. तीन परिच्छेद. मध्ये एकेक ओळ सोड." टॅगचं नाव नाही. मग फाइलच्या नावापुढे टिंब एचटीएमएल जोडून सेव्ह करायची आणि ब्राउझरमध्ये उघडायची. पान दिसतं! पहिला आनंद तिथेच मिळतो, माझ्या पहिल्या निळ्या शब्दाइतकाच. पण तीन परिच्छेदांचा मिळून एकच गोळा झालेला असतो, सोडलेल्या ओळी नाहीशा. समोरचं माणूस हमखास विचारतं, "माझ्या ओळी कुठे गेल्या?" आता पी हा टॅग सांगायचा. तो आता नियम उरत नाही, हरवलेल्या ओळी परत आणायचा उपाय होतो. मग मथळा हवासा वाटतो, तेव्हा एच-१. मग लिंक. दर वेळी आधी अडचण, मग टॅग. एका दुपारी आठ-दहा टॅग होतात आणि एकही पाठ करावा लागत नाही.

चुकाही मुद्दाम होऊ देते. 'बी' हा ठळक करणारा टॅग उघडला आणि बंद करायचा राहिला, तर तिथून पुढचं सगळं पान ठळक होतं. ते बघितलं की कळतं, टॅग म्हणजे रंगाचा फटकारा नाही. ते दार आहे, आत गेलात तर बाहेरही यायला हवं. आणि आतल्या खोलीचं दार आधी लावायचं, मग बाहेरच्या. पान एकात एक बसवलेल्या खोल्यांसारखं आहे ही जाणीव एकदा झाली की पुढे पानाची सजावट करणारं सीएसएस शिकणं, दुसऱ्याचा कोड वाचणं, काय कुठे अडलंय ते शोधणं, सगळं त्या जाणिवेवर उभं राहतं.

ब्राउझर क्षमाशील असतो, हीही त्यात मोठी गंमत. परिच्छेद बंद करायला विसरलात तरी तो समजून घेतो, टॅगचं स्पेलिंग चुकलं तरी मजकूर दाखवतोच. एक्सएचटीएमएल या कडक शिस्तीच्या एचटीएमएलच्या काळात ही क्षमा काढून घ्यायचा प्रयत्न झाला. कडक पद्धतीने पाठवलेल्या पानात एक कंस चुकला की पानाऐवजी वाचणाऱ्याच्या समोर चुकीची सूचना. ते टिकलं नाही. एचटीएमएल-५ ने उलट केलं, चुकीचा मजकूर आला तर तो कसा समजून घ्यायचा याचेही बारकाईने नियम लिहिले, म्हणजे सगळे ब्राउझर एकाच तऱ्हेने सांभाळून घेतील. नवशिक्याच्या दृष्टीने मला ही फार मायेची गोष्ट वाटते. अर्धवट येत असलं तरी पान दिसतं, आणि दिसलं की माणूस पुढे जातो.

रोजचं लिखाण मी आज ब्लॉक एडिटरमध्येच करते, हेही सांगते. वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या साधनात तो २०१८ च्या डिसेंबरात पाचव्या आवृत्तीबरोबर आला. त्यात 'मथळा' हा ब्लॉक निवडला की खरोखरचा मथळा तयार होतो. कोड उघडून बघा, प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला आणि शेवटी एचटीएमएलच्या टिप्पणीत त्याचं नाव लिहिलेलं असतं. ब्राउझर त्या टिप्पण्या ओलांडून जातो, एडिटर त्या वाचून ब्लॉक ओळखतो. जुन्या एडिटरांच्या मानाने हे फार स्वच्छ आहे. त्याआधी ब्राउझरमधल्या लिहायच्या चौकटीत बरीच वर्षं असा गोंधळ होता की एंटर दाबलं की एका ब्राउझरमध्ये पी तयार व्हायचा, दुसऱ्यात डिव्ह हा साधा चौकोन, तिसऱ्यात ओळ मोडणारा नुसता बीआर. त्या काळची माझी काही पानं अजून तशीच आहेत, परिच्छेद तिन्ही प्रकारचे.

आणि आता तर मशीनला सांगितलं की अख्खं पान लिहून मिळतं. त्याला माझा विरोध नाही. पण आलेलं पान वाचता यायला हवं, नाहीतर भाचीसारखी वेळ येते. मजकूर आपला, मेहनत आपली, आणि बिघाड नेमका तिथे जिथे आपण कधी गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी भाची आणि मी पडदा शेअर करून बसलो. मी सांगत होते, टाइप ती करत होती. आधी डॉकटाइप, मग एचटीएमएल, मग हेड, त्यात चारसेटची ओळ आणि शीर्षक, मग बॉडी, आणि बॉडीत तिचा आधीचा सगळा मजकूर. कुठलं दार कुठे लावायचं हे तिला लवकर कळलं. फाइल पुन्हा चढवली, रिफ्रेश केलं. 'ढग' आले. खाली सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस, फोटो, सगळं. ती काही बोलली नाही, नुसती वरपासून खालपर्यंत पान सरकवत राहिली.

मग म्हणाली, "मावशी, वर एचटीएमएलच्या टॅगमध्ये लँग आणि पुढे ईएन असं लिहिलंय. मी नमुन्यातून तसंच उतरवलं. ईएन म्हणजे इंग्लिश ना? पण माझं पान तर मराठीत आहे."

माझ्या लक्षातून ते सुटलं होतं. "मग बदल," मी म्हटलं. "मराठीसाठी एमआर."

या दोन अक्षरांनी पानावर काही दिसेल अशी तिची अपेक्षा नव्हती. ती जागा खरं म्हणजे स्क्रीनरीडरसाठी, शोधयंत्रासाठी, भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. मजकूर कुठल्या भाषेतला ते त्यांना कळावं म्हणून. पण काही देवनागरी फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळे ल आणि श ठेवलेले असतात, आणि पान मराठी आहे असं सांगितलं तरच ते बाहेर येतात. तिने निवडलेला फॉन्ट तसा होता, हे मलाही माहीत नव्हतं.

तिने सेव्ह केलं, चढवलं, रिफ्रेश केलं.

"थांब," ती म्हणाली. "क्युम्युलसचा ल बदलला."

तिने पान मोठं केलं, आणखी मोठं केलं. उजवीकडे दंड असलेल्या ल च्या जागी आमच्या अक्षरगिरवणीतला पाकळीचा ल आला होता. तिने एमआर खोडून पुन्हा ईएन केलं, दंडाचा ल परतला. परत एमआर, परत पाकळी. पाच-सहा वेळा केलं तिने तसं. मग पानभर 'आकाश' शोधत निघाली, श बघायला.